पहिला शब्द धाकटीचा

"तोंड भरून बोलावं असं एक वाक्य नाही मला अख्ख्या नाटकात. आरसा. कंदील. तराजू. मी नटी आहे का हमाल?"

प्लायवूडच्या पलीकडून धाकटीची कुरकुर ऐकू येत होती. रंगपटाची खोली पूर्वी एकच होती. दोन जावा एका आरशात मावेनाशा झाल्या, तेव्हा मधे हे प्लायवूड ठोकलं गेलं. ते ठोकून घेतलं थोरलीनं, आणि ठोकल्या दिवसापासून त्याला कान लावण्याचं कामही तीच इमानेइतबारे करत आली होती.

"हळू बोल." हा भाऊजींचा आवाज. भाऊजी म्हणजे थोरलीचा दीर, धाकटीचा नवरा, आणि मंडळीची सगळी नाटकं लिहिणारा माणूस. "वहिनी असतील पलीकडे."

"असू देत की. खोटं बोलतेय का मी?"

"अगं, शब्द कमी असतील तुझे, पण नाटक तुझ्यावर उभं आहे. तुझा एक शब्द इकडचा तिकडे झाला की बसलंच सगळं. तुला माहीत आहे, मला माहीत आहे. फक्त त्यांना कळायला नको."

थोरलीच्या हातात पावडरचा पफ होता. तो गालावरच राहिला. समोरच्या आरशातून एक गाल पांढरा आणि एक लालबुंद अशी एक बाई तिच्याकडे बघत होती.

नाटक तुझ्यावर उभं आहे. हे वाक्य या इमारतीत आजवर एकाच बाईला उद्देशून बोललं गेलं होतं, आणि ती बाई प्लायवूडच्या या बाजूला बसली होती.

इमारत म्हणजे साबणाच्या कारखान्याचं जुनं गोदाम. सासऱ्यांनी ते घेऊन त्याचं नाट्यगृह केलं. अजूनही दमट दिवसांत भिंतींतून साबणाचा वास यायचा, आणि ऐन दुःखाच्या प्रवेशात प्रेक्षकांना नुकतीच आंघोळ झाल्यासारखं वाटायचं. सासरे गेल्यावर थोरला मुलगा मंडळीचा मालक झाला, म्हणजे तिकिटांपासून गळक्या छपरापर्यंत सगळ्याचा धनी. धाकटा लिहू लागला. आणि थोरली सून पडदा उघडला की मधोमध उभी राहू लागली. कडेला उभं राहणं तिला कधी जमलंच नाही. लोक तिला नुसतं 'बाई' म्हणत. "आज बाई आहेत ना?" एवढंच तिकिटाच्या खिडकीवर विचारत, आणि खिडकीत बसून "आहेत" म्हणणारी जी पोरगी होती, तीच ही धाकटी. तिकिटं देता देता तिनं भाऊजींनाही एक जागा दिली आणि ते उठलेच नाहीत, असं थोरली म्हणायची.

कानामागून आली आणि तिखट झाली.

तसं धाकटीत वाईट काही नव्हतं, आणि पंचाईत तीच होती. उर्मट असती तर भांडता आलं असतं. ही आपली "ताई, ताई" करत मागे फिरायची, ताईंची शाल घडी करून ठेवायची. पण एकदा ऐकलेलं वाक्य तिच्या डोक्यात लाकडात खिळा बसावा तसं बसायचं. स्वतःचंच नव्हे, सगळ्यांचं. तालमीत कुणी अडखळलं की त्याच्याआधी हिचे ओठ हलायचे. त्या हलणाऱ्या ओठांइतकं जगात दुसरं काही थोरलीच्या डोळ्यांत खुपत नव्हतं.

मागच्या मोसमात तर कहर झाला. शेवटच्या अंकात थोरली विहिरीकाठचं आपलं लांब भाषण बोलत होती. धाकटीचा त्या प्रवेशाशी काडीचा संबंध नव्हता. तरी ती पाण्याचा पेला घेऊन विंगेतून आत आली, "तुम्ही विहिरीचं सांगत होतात ना?" असं स्वतःच्या मनानं बोलली आणि निघून गेली. पडदा पडल्यावर थोरलीनं तिला सोलून काढलं. "माझ्या तोंडातलं वाक्य ओढून घेतलंस. टाळ्या तुझ्या पेल्याला हव्या होत्या का?" धाकटी खाली मान घालून उभी. नवरा म्हणाला, दिवा डोळ्यांवर येत होता जरा. भाऊजी म्हणाले, माझंच वाक्य अवघड झालं होतं. सेट उभा करणारे सुतारमामासुद्धा मधे पडले, पंखा फार आवाज करतो म्हणाले. थोरलीला कळेना, चूक धडधडीत धाकटीची, तर हे तिघे सारवासारव कशाला करताहेत. मग तिनं ठरवलं, सगळे तिच्या बाजूला झाले. तरुण आहे ना.

आणि आता हे नवं नाटक.

मंडळीत सासऱ्यांच्या वेळेपासूनची एक पद्धत होती. पूर्ण नाटक कुणाही नटाच्या हातात द्यायचं नाही. प्रत्येकाला फक्त त्याची नक्कल मिळायची. तिच्यात स्वतःची वाक्यं, आणि तोंड कधी उघडायचं ते कळावं म्हणून त्याआधी समोरच्याचा शेवटचा शब्द. सासरे म्हणायचे, दुसऱ्याचं ताट दिसलं की आपला घास गोड लागत नाही. माणसं ओळखून होते सासरे.

थोरलीनं घरी येऊन आपली नक्कल पुन्हा उघडली. नाटक साधंच होतं. एक जुनी खानावळ लिलावात निघते. आदल्या दिवशी लिलाववाल्यांची एक बाई सामान बघायला येते. ती एकेका वस्तूपाशी जाऊन तिचं नाव घेते, आणि म्हातारी मालकीण त्या वस्तूची गोष्ट सांगते. मालकीण थोरली, लिलाववाली धाकटी. नक्कल हातात पडली तेव्हा थोरलीनं जाडी बघितली होती आणि समाधानानं मान हलवली होती. आता तिनं चष्मा लावून बारीक बघितलं.

धाकटीचा शेवटचा शब्द: आरसा. खाली तिचं वाक्य: "आरसा माझ्या सासूनं आणला, पण त्यात तिनं कधी बघितलं नाही." धाकटीचा शेवटचा शब्द: तराजू. खाली तिचं: "तराजू खरा होता, मापं खोटी होती." कंदील, जिना, पेटी. पानामागून पान तेच.

"म्हणजे ती म्हणणार आणि मी तिची री ओढणार," ती मोठ्यानं म्हणाली. "पोपट केलाय माझा."

"कोणी?" नवऱ्यानं वर्तमानपत्रामागून विचारलं.

"तुमच्या भावानं."

"हं," तो म्हणाला, आणि उठून स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद करून आला. चहाचं पाणी आटून भांडं काळं व्हायला आलं होतं. त्यानं ते गुपचूप नळाखाली धरलं. हल्ली या घरात वस्तू जागच्या हलवायची कुणाला तरी सवय लागली होती. चाळणी फ्रिजमध्ये निघायची, चष्मा पिठाच्या डब्यावर. थोरलीनं दोनदा नवऱ्याला बजावलं होतं, हात लावू नका म्हणून. तो "बरं" म्हणाला होता.

पाठांतराची तिची रीत लग्नाआधीपासूनची. इस्त्रीच्या टेबलावर नक्कल ठेवायची, आणि एका शर्टाला एक पान. कॉलरपासून सुरुवात करायची, शेवटच्या बटणापर्यंत पान पाठ. पूर्वी नवऱ्याचे आठवड्याचे शर्ट झाले की एक अंक पुरा व्हायचा. हल्ली शर्ट संपायचे आणि पान तसंच राहायचं. मग घडी मोडून तोच शर्ट पुन्हा. नवरा पत्र्यासारखे कडक शर्ट घालून फिरायचा आणि अवाक्षर काढायचा नाही.

भाऊजींचं लिहिणं बिघडलंय, तिनं स्वतःची समजूत घातली. वाक्य चांगलं असलं की आपणहून बसतं.

शनिवारी लेक आली. ती दुसऱ्या गावी शब्दकोशाच्या कार्यालयात कामाला होती. तिथं दिवसभर शब्दांची मोजदाद चालायची. लोक कुठला शब्द किती वापरतात, कुठला म्हातारा झालाय, कुठला अजून तग धरून आहे, कुणाला कोशात जागा द्यायची. नेमकं काय काम ते थोरलीला उमगलेलं नव्हतं. शेजारणींना ती "मोठ्या पुस्तकाचं काम आहे" एवढंच सांगायची. पण आज तिला त्या कामाची फार किंमत वाटली.

"काकांचं नवं नाटक आहे ना तुझ्याकडे? पूर्ण?"

"आहे. टायपिंगच्या चुका बघायला दिलंय त्यांनी. का गं?"

"मोज."

"काय मोजू?"

"मी किती आणि ती किती."

लेकीनं लॅपटॉप उघडला. "वजन काट्यावर करू का नुसतं अंदाजे?"

"चेष्टा नको. मोज."

दोन मिनिटं खटखट झाली. "हे बघ. तुझे साडेचार हजार शब्द. काकूचे नऊशेसुद्धा नाहीत. झालं समाधान?"

थोरलीनं चहाचा घोट घेतला. तो एकदम गोड लागला. पण लगेच कपाळाला आठी पडली. "मग नाटक तिच्यावर उभं कसं?"

"असं कोण म्हणालं?"

"प्लायवूड."

लेक खूप हसली. मग म्हणाली, "आई, नुसत्या बेरजेला अर्थ नसतो. कोण कुठला शब्द सारखा बोलतो ते बघायचं. म्हणजे 'आहे', 'नाही', 'आणि' हे सगळ्यांचेच. ते चाळून टाकायचे. खाली जे उरतं ते त्या माणसाचं स्वतःचं. मी काकांची सगळी जुनी नाटकं अशी चाळून बघितलीत, कामाचा कंटाळा आला की करते. ते न्यायाधीशाचं नाटक होतं ना तुमचं, सगळे ज्याला चळचळा कापतात तो? तो सगळ्यात जास्त काय म्हणतो, ओळख."

"फाशी?"

"'ठीक.' सगळ्या नाटकात सगळ्यात जास्त वेळा 'ठीक आहे' तो म्हणतो. ज्याचं काही ठीक नसतं तोच सारखं ठीक म्हणत बसतो. आणि ते दोघे भाऊ जमिनीवरून एकमेकांच्या जिवावर उठतात, ते नाटक? त्यात 'जमीन' कमी आणि 'आई' जास्त. भांडण जमिनीचं नव्हतंच ते. आईचा लाडका कोण, याचं होतं."

थोरलीला हे आवडलं. तिनं त्या आईचं काम केलं होतं, आणि दोन्ही मुलांपेक्षा जास्त टाळ्या घेतल्या होत्या. "आणि माझं? मी काय म्हणते जास्त?"

"'मी' आणि 'माझं'. सगळ्या नाटकांत. राणी असो की मोलकरीण."

"मुख्य कामं होती माझी."

"हो गं बाई."

"आणि या नाटकात?"

लेकीनं बोट फिरवलं. "या नाटकात तुझी मालकीण म्हणते... आरसा, कंदील, तराजू, पेटी, जिना. आणि काकूची लिलाववाली म्हणते..." ती जराशी पुढे झुकली. "आरसा, कंदील, तराजू, पेटी, जिना."

"बघ. आता तुझं यंत्रच म्हणतंय. माझे शब्द तिच्या तोंडात घातलेत."

"नुसते घातले नाहीत. प्रत्येक वेळी तिचा आधी आहे. एकदासुद्धा तुझा आधी नाही." लेकीच्या आवाजातली गंमत कमी झाली होती. "काका असं लिहीत नाहीत, आई. त्यांना एक शब्द लागोपाठ दोनदा आला तरी खपत नाही. आणि हे बघ, तुझं भाषण जिथं जिथं वळण घेतं तिथं मधे काकूचा एकेक शब्द टाकलाय. 'मग जिना?' 'आणि कंदील?' असा. म्हणजे वळण यायच्या आधी तुला..." ती थांबली.

"मला काय?"

"काही नाही."

"मला कळतं काय ते. मान माझा, लगाम तिच्या हातात. बरं, 'आठवण' किती वेळा आहे ते काढ. भाऊजींचा लाडका शब्द तो. म्हातारी जन्मभराच्या गोष्टी सांगतेय, म्हणजे ढिगानं असेल."

लेकीनं अक्षरं टाकली. "शून्य."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. आठवतं, आठवलं, आठवेल, सगळं धरून शून्य."

"आटले भाऊजी," थोरली समाधानानं म्हणाली. "विहीर आटते तसे आटले. लिहायला काही राहिलं नाही, म्हणून सामानाची यादी करत बसलेत."

लेकीचं लक्ष नव्हतं. तिनं आणखी एक शब्द टाकला, झटकन, आईला न दाखवता. उत्तर मात्र थोरलीला चष्म्याशिवायही दिसलं. तेही गोल होतं. लेकीनं लॅपटॉप मिटला.

"तो कुठला शब्द?"

"कुठे काय. मशीन तापलंय."

लेक लहानपणापासून खोटं बोलली की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. आता त्या टोमॅटोसारख्या झाल्या होत्या. ती उठून खिडकीशी गेली. तिथं इस्त्रीच्या टेबलावर बापाचे शर्ट रचून ठेवले होते. एक शर्ट उचलून तिनं हातात धरला. तो वाकेना.

"बाबांचे शर्ट इतके कडक का गं असतात हल्ली?"

"इस्त्री चांगली लागलीय," थोरली म्हणाली. "तू विषय बदलू नकोस. काकूची बाजू घेतेयस तू. सगळेच घेतात, त्यात तू एक."

लेकीनं शर्ट होता तसा घडीवर ठेवला आणि त्याच्यावरून दोनदा हात फिरवला.

सोमवारी दुपारी तालीम होती. लेकीनं कार्यालयात रजा टाकली आणि म्हणाली, मीही येते बघायला. थोरलीला वाटलं, बरंच झालं, साक्षीदार असलेला बरा.

सुतारमामांनी रंगमंचावर सगळं सामान मांडून ठेवलं होतं. उंच आरसा, लोखंडी पेटी, दुकानातला जुना तराजू, आणि दोरीला टांगलेला कंदील. मागे अर्धवट जिना होता, चार पायऱ्या चढून हवेत संपणारा. धाकटी आधीच येऊन पेटीवर बसली होती. थोरली मधोमध जाऊन उभी राहिली आणि बसायचं नाव घेईना.

"तालमीआधी एक बोलायचंय," ती म्हणाली. "भाऊजी, या नाटकात मी तुमच्या बायकोची री ओढतेय. हे माझं मत नव्हे. तुमच्या पुतणीनं मोजलंय. प्रत्येक वस्तूचं नाव आधी ती घेते. प्रत्येक. खानावळ माझी, सामान माझं, संसार माझा झाला त्या सामानावर, आणि त्याची नावं मला परकीनं सांगायची?"

भाऊजींनी पुतणीकडे बघितलं. पुतणी जमिनीकडे बघत होती.

"वहिनी, ती एक गंमत आहे लिहिण्याची," भाऊजी म्हणाले. त्यांनी कानामागं पेन्सिल खोचली, काढली, परत खोचली. "परका माणूस नाव घेतो, आणि आपल्या माणसाला..."

"आपल्या माणसाला काय?"

"बोलावंसं वाटतं," ते कसेबसे म्हणाले.

"मला आपलं आपण बोलावंसं वाटतं. आज नावं मी घेणार. तिनं नुसतं 'मग?' म्हणायचं. तेवढं झेपेल ना तिला?"

पहिल्या ओळीतून नवरा उठला. "अगं, बसलेलं नाटक कशाला उसवायचं?"

"कुणाचं बसलंय?"

पंखा घरघरत होता. मग धाकटी पेटीवरून उठली. "होऊ दे," ती म्हणाली. "ताईंना हवंय तर होऊ दे. माझी हमाली तरी वाचेल." हे ती हसून म्हणाली, पण हसणं मधेच सोडलं.

"तुला नक्की..." भाऊजी बायकोला म्हणाले.

"होऊ दे म्हटलं ना."

थोरलीला आपण जिंकल्याचं कळलं, आणि जिंकल्यावर अंगात येते ती हुशारी तिच्या पाठीत आली. ती आरशासमोर गेली. "आरसा," ती म्हणाली, आणि सगळं गोदाम गप्प झालं, कारण बाई जेव्हा एखादा शब्द टाकायच्या तेव्हा तो टाकलेल्या जागी उभा राहायचा. "आरसा माझ्या सासूनं आणला, पण त्यात तिनं कधी बघितलं नाही. म्हणायची, मी कशी दिसते ते तुमच्या तोंडांवरून कळतं मला." आवाज न चढवता ती आरशाची गोष्ट शेवटपर्यंत बोलली, सासूच्या मरणाशी आली, आरशावर टाकलेली, तिथं नसलेली चादर तिनं हातानं दूर केली. सुतारमामांनी नाक ओढलं. तिनं तिरक्या डोळ्यानं धाकटीकडे बघितलं. ऐकतेयस ना, असं.

"मग?" धाकटी म्हणाली.

थोरली वळली. समोर सामान होतं.

सामान म्हणजे नुसतं सामान होतं. एखाद्या कार्यात ओळखीची माणसं भेटावीत, ती आपल्याकडे बघून हसावीत, आणि एकाचंही नाव ओठांवर येऊ नये, तशा त्या वस्तू तिच्याकडे बघत उभ्या होत्या. हा कंदील. कंदिलाचं काहीतरी होतं. तो नवऱ्यानं आणला होता की बापानं पाठवला होता? जिन्यावरून कोण पडलं? कुणीतरी पडलं होतं. पण आधी जिना की आधी पेटी? आरशानंतर काय होतं? काल इस्त्रीच्या टेबलावर होतं. निळ्या शर्टाच्या बाहीपाशी.

"मग?" धाकटी पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

थोरलीनं तिच्या ओठांकडे बघितलं. बघायचं नाही असं ठरवूनही बघितलं. ते ओठ हलत नव्हते. आज बाईंनी 'मग?' एवढंच म्हणायचं सांगितलं होतं, म्हणून धाकटीनं ते दातांखाली घट्ट दाबून धरले होते, इतके की पांढरे पडले होते. इतके दिवस खुपलेले ते ओठ या क्षणी हलावेत म्हणून थोरलीनं काय वाटेल ते दिलं असतं.

धाकटी चार पावलं चालली. काही न बोलता तिनं तराजूच्या पारड्यावर हात ठेवला. पारडं खाली गेलं, साखळी वाजली.

"हात काढ," थोरली म्हणाली.

धाकटीनं हात काढला. पारडं वर आलं आणि हलत राहिलं.

"पंखा बंद करू का?" सुतारमामा म्हणाले. "फार आवाज करतो मेला."

"दिवा तिच्या डोळ्यांवर येतोय," नवरा म्हणाला. "कुणीतरी तो जरा वळवा."

"माझंच वाक्य अवघड झालंय," भाऊजी म्हणाले. "मी घरी जाऊन पुन्हा..."

थोरली एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. पंखा, दिवा, अवघड वाक्य. हीच माणसं, हीच वाक्यं, याच आवाजात. मागच्या मोसमातली. त्यांना बरी पाठ होती. आणि मग तिला तो पाण्याचा पेला दिसला, धाकटीच्या हातातला, आणि तो पेला आत यायच्या आधीची शांतता ऐकू आली. विहिरीकाठी ती बोलत नव्हती. ती नुसती उभी होती. किती वेळ ते तिला माहीत नव्हतं. या सगळ्यांना माहीत होतं.

मग भाऊजींनी घरी बसून एक नाटक लिहिलं, ज्यात तिची सगळी वाक्यं वस्तूंना बांधून ठेवली, वस्तू रंगमंचावर ठेवल्या, आणि त्यांची नावं अशा बाईच्या तोंडात दिली जिचा एक शब्द कधी इकडचा तिकडे होत नाही. त्या बाईला तोंड भरून बोलायला एक वाक्य ठेवलं नाही. आणि ती बाई प्लायवूडच्या पलीकडे कुरकुरली असेल, पण इथं येऊन रोज म्हणत राहिली. आरसा. कंदील. तराजू.

"परवा तू आणखी एक शब्द शोधलास," थोरली लेकीला म्हणाली. "शून्य आला तो."

लेकीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, आपण घरी जाऊन बोलू या का?"

"चहा घेऊ या सगळे," नवरा म्हणाला. त्याचा शर्ट बोलताना करकरला.

"सगळ्या नाटकातून तो शब्द काढून टाकलात, भाऊजी. वेचून वेचून काढलात. का तर मला लागू नये."

भाऊजींनी पेन्सिल कानामागून काढली आणि खिशात घातली.

थोरली पेटीवर जाऊन बसली. मधोमध नव्हे, कडेला. शेजारी एका माणसापुरती जागा ठेवली, आणि धाकटी तिथं येऊन बसेपर्यंत थांबली. जवळून बघितलं तर धाकटीच्या खालच्या ओठावर दातांचे वळ होते.

"मी विसरते गं," थोरली म्हणाली. "रोज विसरते. आणि तुला सगळं पाठ असतं, माझंसुद्धा, म्हणून तू मला बघवत नाहीस."